१०९८ लावल्यानंतर काय काय झालं: भाचीच्या लग्नाची हकीकत

भाचीने हो म्हटलं म्हणून हे लिहितेय. तिचं नाव, चाळ, शाळा, कॉलेज यातलं काही लिहिणार नाही, कायद्याने लिहिता येतही नाही आणि तिलाही नकोय. तिचं लग्न अठराच्या आत लावायला निघाले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते की १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर पुढे नक्की काय होतं, पोरीला उचलून नेतात का, आईबापाला आत टाकतात का, शेजारीपाजारी कळतं का, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी सलग लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं, तारखांसकट लिहितेय.

मी कळव्याला राहते, ठाण्यात एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. ताई दिव्याला. आमचं माहेर आणि ताईचं सासर दोन्ही जालना जिल्ह्यातलं. ताईचं लग्न सोळाव्या वर्षी झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला नवीन फ्रॉक मिळाला म्हणून मी खुश होते, एवढंच मला त्या लग्नाचं आठवतं. ताईच्या वेळी जे झालं ते बघून वडलांनी माझ्या वेळी घाई केली नाही, मी बारावी झाले, नंतर नोकरी. हे आधी सांगते कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

६ एप्रिलला रामनवमी होती, रविवार, म्हणून ताईकडे गेले. सुंठवडा हातावर ठेवता ठेवता दाजी म्हणाले, पोरीची सुपारी फुटली, अक्षय तृतीयेला गावाकडे बार उडवायचा. अक्षय तृतीया ३० एप्रिलला, म्हणजे चोवीस दिवसांवर. पोरगी तेव्हा पंधरा वर्षं दहा महिन्यांची, नुकतीच दहावीची परीक्षा संपलेली. मुलगा २७ चा, चाकणला कंपनीत, हुंडा नको, फक्त मुलगी आणि नारळ द्या असं म्हणाले होते आणि दाजींना तेच फार मोठं वाटत होतं. दाजी वाईट माणूस नाहीत. बिगारी काम करतात, मागच्या वर्षी पाठीचं दुखणं निघालं, वर दोन मुली.

पण खरं कारण वेगळंच निघालं. जानेवारीत क्लासहून येताना एक मुलगा दिवा स्टेशनच्या पुलापासून तिच्या मागे मागे यायचा, कुठूनतरी नंबर काढून मेसेज करायचा. पोरीने आपणहून आईला सांगितलं. झालं, क्लास बंद, मोबाईल काढून घेतला, आणि परीक्षा होताच स्थळ बघायला सुरुवात. दाजी म्हणाले, उद्या काही झालं तर तोंड कुठं दाखवू? मला तेव्हापासून एकच गोष्ट सारखी टोचतेय की पाठलाग केला त्याने, आणि घर सोडायचं, शाळा सोडायची, २७ वर्षांच्या माणसाबरोबर जायचं ते हिने.

कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी तिला गॅलरीत नेलं आणि थेट विचारलं, तुला काय पाहिजे? हे आधी विचाराच, कारण पुढे प्रत्येक जण तिला हेच विचारणार असतो आणि तिने एकदा तरी आपल्या माणसासमोर ते बोलून बघितलेलं बरं असतं. ती खाली बघून म्हणाली, "मावशी, मला सायन्स घ्यायचंय. मला नकोय हे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मम्मीला सांगू नको मी असं म्हणाले म्हणून."

पुढचे आठ दिवस समजावण्यात गेले, आणि मला वाटतं ते जायलाच हवे होते, कारण नंतर मला स्वतःला सांगता आलं की मी आधी घरातच बोलले. ताई म्हणायची, "माझं नाही का झालं सोळाव्या वर्षी? मेले का मी?" एक दिवस माझ्या तोंडून गेलं की पहिलं लेकरू कुठंय मग. ताईचं पहिलं बाळ तिच्या सतराव्या वर्षी झालं आणि तीन दिवसांनी गेलं. ते मी बोलायला नको होतं. ताई काही बोलली नाही, फोन ठेवला, आणि त्यानंतर तिने माझे फोन घेणंच बंद केलं. दाजी म्हणाले, तुला पोरगा आहे, तुला काय कळणार.

१४ एप्रिलला सुट्टीच्या दिवशी बस्ता बांधला, मला बोलावलंही नाही, फोटो फॅमिली ग्रुपवर आले. पत्रिका फक्त व्हॉट्सअपवर, मी ती सेव्ह करून ठेवली. तुम्हीही ठेवा, तारीख आणि ठिकाण लेखी असलेलं दुसरं काही हातात नसतं.

१६ तारखेला मी आधी पोलिसांकडे गेले. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही. तिथे सांगितलं की अजून लग्न झालेलं नाही, लग्न गावाला आहे, मुलगी तुमची नाही, काही झालं तर मग या. मी तशीच परत आले आणि कळव्याच्या पुलावर बराच वेळ उभी राहिले. नंतर कळलं की हे सांगणं चुकीचं होतं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, त्यात लग्न होण्याआधीच ते थांबवायची तरतूद आहे, मॅजिस्ट्रेटकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि हुकूम असताना लग्न लावलं तर ते कायद्याने लग्न ठरतच नाही. तक्रार आईबापानेच करायला हवी असंही काही नाही, माहिती असलेली कुणीही व्यक्ती करू शकते. तुम्हाला कुणी असं परत पाठवलं तर तिथेच थांबू नका एवढंच.

१७ एप्रिल, गुरुवार, रात्री दहा वाजून वीस मिनिटं. नवरा आणि मुलगा झोपल्यावर किचनमध्ये उभं राहून १०९८ लावला. फोन फुकट असतो आणि चोवीस तास चालू असतो. माझा आवाज कापत होता, पलीकडच्या बाई शांत होत्या, मराठीतच बोलल्या. मुलीचं नाव, वय कशावरून सांगता, आत्ता कुठे आहे, घराचा पत्ता आणि जवळची खूण, शाळा कुठली, आईवडलांची नावं, लग्न कधी, कुठल्या गावात, तालुका कुठला, मुलीची इच्छा काय, आत्ता तिला मारहाण वगैरे होतेय का. अकरा मिनिटं. हे सगळं आधी कागदावर लिहून बसा, मला तालुका सांगताना सुद्धा क्षणभर सुचेना. तुमचं नाव आम्ही सांगणार नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि ते पाळलं. फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून रडले, मोकळं वाटून नाही, आपण सख्ख्या बहिणीच्या घरावर सरकारी माणसं पाठवतोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, मग शनिवार रविवार. सरकारी ऑफिसं तीन दिवस बंद. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून एका मॅडमचा शुक्रवारी दुपारी फोन आला की माहिती पोचलीय, सोमवारी हलवतो, तोवर मुलीला गावाला नेत नाहीत ना एवढं बघा. ते तीन दिवस सगळ्यात वाईट गेले. मी नुसती वाचत बसायचे. जगात दरवर्षी साधारण १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठराच्या आत होतात असं युनिसेफ सांगतं, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये जवळजवळ २२ टक्के जणींची लग्नं अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली निघाली. म्हणजे पाचातली एक. मला वाटत होतं ताईचा जमाना संपला. आफ्रिकेतल्या मलावीमधल्या थेरेसा काचिंदामोतो या बाईंबद्दल वाचलं, त्या तिथल्या गावांच्या मुखिया होत्या, त्यांनी शेकडो बालविवाह मोडून मुलींना परत शाळेत पाठवलं, स्वतःच्याच लोकांचा राग पत्करून. इतक्या लांबच्या बाईचं वाचून मला त्या रात्री धीर आला, का ते सांगता येणार नाही.

२१ एप्रिलला हाफ डे टाकून बाल संरक्षण कक्षाच्या ऑफिसला गेले. नाव गुप्त ठेवायचं तर जायची गरज नव्हती, पण मॅडमनी विचारलं होतं की वेळ पडली तर मुलीला काही दिवस ठेवून घेणारं जवळचं कुणी आहे का, नाहीतर बालगृहात ठेवावं लागेल, तर मी म्हटलं मीच. तिथे समजलं की शहरात बाल विकास प्रकल्प अधिकारी हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि गावात ग्रामसेवक. आमच्या केसमध्ये मुलगी ठाणे जिल्ह्यात आणि मांडव जालन्यात, म्हणून दोन्हीकडे पत्रं गेली. माझ्यासमोर गावच्या ग्रामसेवकांना फोन झाला. त्यांनी त्याच संध्याकाळी मंडपवाला, भटजी आणि मुलाकडच्यांना नोटीस दिली असं मला नंतर मामांकडून कळलं, शिव्यांसकट कळलं.

त्या नोटिशीने मोठं काम केलं. कायद्यात असं आहे की अठराच्या आतल्या मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा, ठरवणारा, आणि त्या लग्नाला जाणारा सुद्धा, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना कैद नाही, दंड होऊ शकतो. वऱ्हाडी म्हणून गेलं तरी आपण अडकतो हे आमच्या अख्ख्या नातेवाईकांत कुणालाच माहीत नव्हतं.

२२ तारखेला दुपारी मॅडम, अंगणवाडीच्या एक ताई आणि एक महिला पोलीस, साध्या कपड्यात, ताईच्या घरी गेल्या. मी नव्हते, पुढचं भाचीने सांगितलं. दाजींनी आधार कार्ड पुढे केलं, त्यावर जन्मसाल २००७. मार्चमध्ये दुरुस्त करून आणलं होतं. मॅडमनी ते बघून परत दिलं आणि शाळेचं विचारलं. वयासाठी आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट बघतात, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधारला जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत. ऑफिसच्या पत्रावर शाळेने दुसऱ्याच दिवशी जनरल रजिस्टरचा उतारा दिला, जून २००९. ताई आतल्या खोलीत दार लावून बसली होती. भाचीला मॅडमनी शेजारच्या घरात बाजूला घेऊन विचारलं आणि तिने सांगितलं, मला लग्न करायचं नाही. ती म्हणते, गॅलरीत एकदा बोलले होते ना, म्हणून तिथे बोलता आलं.

कुणालाही उचलून नेलं नाही. दोन दिवसांनी बाल कल्याण समितीसमोर यायचं असं लेखी दिलं.

२४ एप्रिल, समिती. दोन लोकल आणि एक रिक्षा. मला कोर्टासारखं काहीतरी वाटलं होतं, काळे कोट वगैरे, तसं नसतं. एक खोली, लांब टेबल, अध्यक्ष आणि सदस्य, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. वकील लागत नाही, फी नाही. पण नंबर लागायला साडेतीन तास गेले, तर पाणी आणि खायला घेऊन जा, आणि मुलीसाठी काहीतरी वाचायला. लग्नाचा धोका असलेली मुलगी ही कायद्याच्या भाषेत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक असते, म्हणून केस समितीपुढे येते. आधी भाचीशी एकटीशी बोलले, मग ताई-दाजींशी, मग माझ्याशी. तिथे ताईला कळलं की फोन कुणी केला. समितीने सांगितलं नाही, मीच बाकावर सांगितलं, कारण मुलगी माझ्या घरी राहणार आणि मी तोंड लपवून फिरणार हे मला जमलं नसतं. ताई एवढंच म्हणाली, "तू माझी बहीण."

दाजींनी हमीपत्र लिहून दिलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही. मुलाकडच्यांनी त्याआधीच सकाळी फोन करून मोडलं होतं. पण नातेवाईक चिडलेले, कुणीतरी परस्पर गावाला नेईल ही भीती होती, म्हणून समितीने चौकशी अहवाल येईपर्यंत तिला माझ्याकडे ठेवायचा आदेश दिला. माझे लागलेले कागद: आधार, लाइट बिल, दोन फोटो, नवऱ्याचं संमतीचं पत्र. झेरॉक्स ८४ रुपये. सगळ्याच्या तीन तीन प्रती नेल्या तर धावपळ वाचते.

३० एप्रिलला, म्हणजे लग्नाच्या दिवशी, ती माझ्या घरी माझ्या मुलाबरोबर कॅरम खेळत होती आणि मध्येच उठून बाथरूममध्ये जाऊन रडून आली. माझ्यामुळे पप्पांचे पैसे बुडाले म्हणाली. मंडपाचा अॅडव्हान्स ११ हजार गेला होता, बस्ता २३ हजारांचा. मी ताईला अर्धे पैसे हप्त्याने देतेय, ताईने नको म्हटलं तरी देतेय. पैशांचा हा भाग कुणी सांगत नाही, लग्न मोडलं की ज्या घरात पोरगी परत जाणार असते त्याच घराच्या डोक्यावर कर्ज असतं आणि त्याचा बोल तिलाच लागतो.

त्या रात्री मी तिला रखमाबाईंचं सांगितलं. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार, मुंबई हायकोर्टात केस, १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. भाची म्हणाली, "आणि तिच्या घरचे?" मी सांगितलं की सावत्र वडील डॉक्टर होते, ते तिच्या बाजूने उभे राहिले. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मॅडम पंधरा दिवसांत दोनदा माझ्या घरी आणि तीनदा ताईकडे गेल्या. त्यांनी ताई-दाजींना पाठलागाबद्दल विचारलं आणि तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सांगितलं की अल्पवयीन मुलीचा असा सारखा पाठलाग करणं, मेसेज करत राहणं हा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दाजींना वाटत होतं तक्रार केली की बदनामी आपलीच. मुलीचं नाव कुठे छापता येत नाही, जबाब घ्यायला महिला अधिकारी वर्दी न घालता घरी येते, आईबाप सोबत बसू शकतात, हे सगळं कळायला त्यांना आठवडा लागला. ९ मे रोजी तक्रार दिली, दाजी स्वतः गेले. मी म्हणेन की या अख्ख्या प्रकरणात खरं वळण ते होतं, हमीपत्रापेक्षाही. त्या मुलाच्या केसचं पुढे काय चाललंय ते इथे लिहीत नाही, चालू आहे.

१३ मे, दहावीचा निकाल. ७८.४० टक्के. मी लॅबमधून पेढे घेऊन दिव्याला गेले, पहिल्यांदा, भाचीला घेऊन. ताईने दार उघडलं, पोरीला जवळ घेतलं, माझ्याशी बोलली नाही, पण चहा ठेवला.

२ जूनला समितीने तिला देखरेखीच्या अटीवर परत घरी पाठवलं, म्हणजे दर महिन्याला कुणीतरी येऊन बघून जाणार, शाळा कॉलेज चालू आहे का विचारणार. अकरावीचं २०२५ मध्ये पूर्ण राज्यात ऑनलाइन झालं, साईट पहिल्यांदा अडकली, तारखा पुढे गेल्या, सायबर कॅफेपेक्षा घरीच मोबाईलवर पसंतीक्रम भरला तर निवांत विचार करता येतो. अनुदानित कॉलेज निवडा, तिथे मुलींना बारावीपर्यंत फी माफ असते, इतर किरकोळ खर्च पडतात, आम्हाला पहिल्या फटक्यात १,३६० लागले. सायन्स मिळालं, ठाण्यातच.

मामा, मोठी मावशी आणि गावाकडची चार घरं माझ्याशी बोलत नाहीत. राखीला मामांना फोन केला, उचलला नाही. कुणी हे करणार असेल तर त्यांना मी खोटं सांगणार नाही, हे होणार आहे, आणि वर्षभर तरी राहणार आहे. नवरा सोबत होता म्हणून मला झेपलं. तुम्ही एकट्या असाल तर फोन करताना तसं सांगा आणि नाव गुप्तच ठेवा, मी केलं तसं पुढे होऊन सांगायची काही सक्ती नाही.

आणि फोन करून मोकळं होऊ नका. ३० एप्रिल टळली तेव्हा सगळे मला म्हणाले चला झालं, पण मे महिन्यात दोनदा दुसऱ्या स्थळांचे फोन ताईला आले होते, तेव्हा मी आणि मॅडम जात येत होतो म्हणून ते तिथेच थांबले. पोरगी अठराची होणार जून २०२७ मध्ये. तोवर मी दर रविवारी दिव्याला जायचं ठरवलंय, बोलणं होवो न होवो.

गेल्या सोमवारपासून कॉलेज सुरू झालंय. भाचीने सांगितलं की सकाळी सहा चाळीसच्या लोकलसाठी ताई रोज तिच्यासोबत त्याच पुलावरून स्टेशनपर्यंत येते, लेडीज डब्यात चढेपर्यंत थांबते आणि मग कामाला जाते. काल रात्री ताईचा मेसेज आला, एप्रिलनंतरचा पहिला. "केमिस्ट्रीच्या जर्नलला कव्हर कुठलं लागतं ते तिला कळेना. तुझ्याकडे असतील तर रविवारी घेऊन ये."